जुने व्हायोलिन दुरुस्त करताना: कामांचा योग्य क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

जुने व्हायोलिन हाती आल्यावर बहुतेकांचा पहिला विचार नव्या तारा चढवण्याचा असतो आणि दुसरा ते चकचकीत करण्याचा. खरे तर ही दोन्ही कामे यादीत सर्वांत खाली असायला हवीत. तारा सुरात ताणल्या की वाद्यावर एकूण 20 ते 25 किलोंच्या आसपास ओढ येते आणि घोडीच्या (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्याच्या) पायांखाली वरच्या फळीवर 7 ते 9 किलोंच्या आसपास दाब पडतो. एखादा सांधा सुटलेला असेल, फळीला बारीक तडा असेल किंवा आतला साउंडपोस्ट (दोन फळ्यांमध्ये उभी असलेली लाकडी काडी) पडलेला असेल, तर एवढ्या दाबाखाली तासाभराची दुरुस्ती महिनाभराची होऊन बसते. पॉलिशचे नुकसान याहून चिवट असते, कारण त्यातले तेल तड्याच्या आत मुरले की तिथे सरस नीट धरत नाही.

दुरुस्ती फसते ती बहुधा हातात कसब नसल्यामुळे नव्हे, तर कामांचा क्रम चुकल्यामुळे. प्रत्येक टप्प्याचे माप आधीच्या टप्प्यावर अवलंबून असते: घोडीची उंची फिंगरबोर्डवरून (मानेवरच्या, बोटे टेकवण्याच्या पट्टीवरून) ठरते, फिंगरबोर्डचा कोन मानेवरून ठरतो आणि मानेचा भरवसा तिच्या सांध्यावर असतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. मापे पूर्ण आकाराच्या, म्हणजे सुमारे 355 मिलिमीटर लांबीचे अंग असलेल्या व्हायोलिनची आहेत. लहान आकाराच्या वाद्यांना ती जशीच्या तशी लावू नयेत.

टप्पा 1: हत्यार उचलण्याआधी वाद्य ओळखणे

पहिला प्रश्न असा विचारावा की हे काम आपण करण्याजोगे आहे का. आत चिकटवलेल्या लेबलावर या बाबतीत अजिबात विसंबू नये. क्रेमोनाच्या नामांकित कारागिरांची नावे छापलेली लेबले कारखान्यांत बनलेल्या असंख्य व्हायोलिनांमध्ये सर्रास लावली गेली आहेत. लेबलावर उत्पादक देशाचे नाव इंग्रजीत छापलेले असेल, तर ते वाद्य बहुधा 1891 नंतरचे असते, कारण त्या सुमारास अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचे नाव असणे कायद्याने बंधनकारक झाले.

लेबलापेक्षा कामाची प्रत अधिक खरे सांगते. कडेने फिरणारी दुहेरी काळी रेघ लाकडात खाच पाडून बसवलेली आहे की नुसती रंगवलेली आहे, हे भिंगाखाली पाहावे. एफ-छिद्रातून (वरच्या फळीतल्या f आकाराच्या दोन भोकांपैकी एकातून) आरसा घालून चारही कोपऱ्यांत आतून ठोकळे आहेत का, आणि बास बार (वरच्या फळीच्या आतली लांब आधारपट्टी) वेगळा चिकटवलेला आहे की फळीतूनच कोरून काढलेला आहे, हेही पाहावे. रंगवलेली रेघ, कोपऱ्यांत ठोकळे नसणे आणि कोरलेला बास बार ही स्वस्त कारखानी कामाची लक्षणे आहेत, आणि अशा वाद्यावर हात बसवायला हरकत नाही. याउलट सगळे काम हाताने आणि नेटके केलेले दिसत असेल, तर तिथेच थांबून वाद्य जाणकार कारागिराला दाखवावे. दुरुस्तीने चांगल्या वाद्याची किंमत वाढते हा समज घातक आहे. नवशिक्या दुरुस्तीने ती हमखास घटते.

यानंतर नोंदी कराव्यात. सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, आणि त्यांतली काही दिवा एका बाजूला अगदी खाली ठेवून घ्यावीत, म्हणजे तिरप्या उजेडात तडे व उंचसखलपणा उठून दिसतो. जुनी घोडी, खुंट्या, टेलपीस (तारांची खालची टोके अडकवण्याचा तुकडा), सुटलेली ढलपी, अगदी तांदळाएवढा लाकडाचा तुकडासुद्धा, नाव लिहिलेल्या छोट्या पिशवीत जपून ठेवावा. मूळ तुकड्याच्या रेषा जशा जुळतात तशा नव्या लाकडाच्या कधीच जुळत नाहीत.

इशारा: वाद्य ज्या खोलीत दुरुस्त करायचे तिथे ते आधी निदान दोन आठवडे ठेवावे आणि हवेतली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. दमट हवेत लाकूड फुगून तडे मिटलेले दिसतात आणि कोरड्या हवेत तेच उघडतात. अशा अस्थिर अवस्थेत चिकटवलेला तडा पुढच्या ऋतूत पुन्हा सुटतो.

टप्पा 2: तपासणी

तारा अजून चढवलेल्या असतील तर त्या चारही समप्रमाणात थोड्याथोड्या सैल कराव्यात. दाब गेला की साउंडपोस्ट पडण्याची शक्यता असते. तो पडला तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही, मात्र तो पडलेला असताना तारा पुन्हा ताणू नयेत.

वाद्य कानाजवळ धरून बोटाच्या पेराने फळ्यांच्या कडेकडेने हलके ठोकत जावे. सांधा घट्ट असेल तिथे आवाज भरीव येतो, आणि सुटलेला असेल तिथे पोकळ किंवा किंचित खरखरीत येतो. संशयाच्या जागी पातळ कागदाची पट्टी सरकवून पाहावी; ती आत गेली तर सांधा उघडा आहे. बाजूच्या पट्ट्या आणि फळी यांच्यामधला सांधा, मानेच्या मुळाशी असलेला सांधा आणि मागच्या फळीची मानेखाली येणारी अर्धगोल जीभ या तीन जागा विशेष काळजीने पाहाव्यात.

तड्यांची विभागणी करून ठेवावी. एफ-छिद्राच्या टोकाशी किंवा सॅडलच्या (वरच्या फळीच्या खालच्या काठावरचा, टेलपीसची दोरी ज्यावरून जाते त्या तुकड्याच्या) बाजूला असलेले छोटे तडे घरी दुरुस्त होऊ शकतात. साउंडपोस्टच्या जागेवरून जाणारा तडा, बास बारच्या रेषेतला तडा, खुंट्यांच्या पेटीच्या भिंतीला गेलेला तडा आणि मानेखालची तुटलेली जीभ ही कामे अनुभवी कारागिराचीच आहेत. त्यातही मागच्या फळीवरचा साउंडपोस्टचा तडा सर्वांत गंभीर मानला जातो, कारण तिथे आतून लाकूड कोरून जोडपट्टी बसवल्याशिवाय ती जागा दाब पेलत नाही.

लाकडात बारीक गोल भोके असतील तर वाद्य पांढऱ्या कागदावर रात्रभर ठेवावे. सकाळी कागदावर ताजी फिकट भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे. असे वाद्य घट्ट बंद पिशवीत घालून बाकी वाद्यांपासून दूर ठेवावे आणि जाणकाराकडे सोपवावे. भोकांत कीटकनाशक ओतू नये. ते व्हार्निशही खराब करते आणि पुढच्या चिकटकामालाही अडवते.

टप्पा 3: साफसफाई, तीही बेताची

आतली धूळ काढण्यासाठी मूठभर कोरडे, न शिजवलेले तांदूळ एफ-छिद्रातून आत सोडून वाद्य हलके फिरवावे आणि मग उलटे करून तांदूळ बाहेर काढावेत. धूळ आणि जाळी त्यांच्याबरोबर निघून येतात. आत उघडे तडे किंवा लोंबणारे लेबल असेल तर हा उपाय टाळावा.

बाहेरून आधी मऊ कोरडा ब्रश आणि मग स्वच्छ पाण्यात भिजवून अगदी घट्ट पिळलेले मऊ सुती कापड वापरावे. घोडीखाली साचलेला, गजाला लावलेल्या राळेचा थर हा खरा त्रासाचा भाग असतो. राळ स्पिरिटमध्ये (म्हणजे अल्कोहोलमध्ये) विरघळते हे खरे असले, तरी जुन्या वाद्यांवरचे व्हार्निशही बहुतेक वेळा स्पिरिटमध्ये विरघळते, आणि एका पुसण्यात राळेबरोबर मूळ व्हार्निशही कापडावर उतरते. व्हाइट स्पिरिटसारखे (हे अल्कोहोल नव्हे) सौम्य द्रावण वापरायचेच असेल, तर ते आधी बाजूच्या पट्टीवर, हनुवटीपट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी कापसाच्या काडीने तपासावे. कापसाला तांबूस-तपकिरी रंग आला की थांबावे.

नेहमीची चूक: सगळा काळा थर निघेपर्यंत घासत राहणे. जुन्या व्हार्निशच्या खळग्यांत बसलेला काळेपणा बराचसा तिथेच राहू द्यावा. या टप्प्यावर कोणतेही पॉलिश, मेण किंवा फर्निचरचे तेल लावू नये.

टप्पा 4: सरस तयार करणे

व्हायोलिनसाठी प्राण्यांच्या कातडीपासून केलेला सरसच वापरावा. पांढरा फेव्हिकॉल, इपॉक्सी आणि झटपट चिकटणारे गोंद यांचा मोह होतो, कारण ते सोपे असतात. पण त्यांनी जोडलेला सांधा पुन्हा स्वच्छ उघडता येत नाही आणि त्यांच्या थरावर पुढे सरसही धरत नाही. ऊब आणि ओल दिली की सरसाचा सांधा सुटतो, आणि व्हायोलिन पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत राहू शकते ते याच गुणामुळे.

सरसाचे दाणे थंड पाण्यात काही तास, शक्यतो रात्रभर, भिजवावेत. वजनाने एक भाग सरसाला दोन भाग पाणी हे प्रमाण सुरुवातीला धरावे. फुगलेले दाणे थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून 60 ते 65 अंश सेल्सियसपर्यंत तापवावेत. सरसाला उकळी येऊ देऊ नये आणि तापमान 70 अंशांच्या वर जाऊ देऊ नये, कारण त्यापुढे त्याची ताकद झपाट्याने कमी होते. तड्यांसाठी तो ब्रशवरून अखंड धारेने पडेल इतका दाट ठेवावा. फळी आणि बाजूच्या पट्ट्या यांच्या सांध्यासाठी मात्र तो आणखी पाणी घालून मुद्दाम कमजोर करावा.

सांधा जितका घट्ट तितका चांगला असे नवशिक्याला वाटते, म्हणून या कमजोरपणाचे कारण सांगायला हवे. लाकूड ऋतूनुसार आकसते आणि फुगते. फळीची कड अतिघट्ट धरलेली असेल, तर हा ताण कुठेतरी बाहेर पडणारच, आणि मग फळी मधोमध तडकते. कमजोर सरसाचा सांधा त्याआधीच सुटतो, आणि सुटलेला सांधा पुन्हा चिकटवणे हे तडा दुरुस्त करण्याच्या मानाने फार सोपे काम आहे.

तपासणी: सरसाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घेऊन बोटे उघडमीट करावीत. काही सेकंदांत तो चिकट होऊन बारीक तंतू सुटू लागले तर सरस ठीक आहे. दुर्गंधी येणारा किंवा बुरशी धरलेला सरस फेकून द्यावा.

टप्पा 5: सुटलेले सांधे

सरस लावण्याआधी सगळी जुळणी कोरडी करून पाहावी. क्लॅम्प कुठे लागणार, किती लागणार, ते आवळल्यावर फट पूर्ण मिटते का, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. गरम सरस गार होऊन घट्ट व्हायला मिनिटभरसुद्धा लागत नाही आणि तेवढ्या वेळात क्लॅम्प शोधत बसता येत नाही. मधून बोल्ट गेलेल्या दोन लाकडी चकत्या आणि त्यांच्या आतल्या बाजूंना कॉर्क किंवा चामडे, अशा रचनेचे क्लॅम्प या कामाला सर्वांत योग्य असतात.

1. फटीत पातळ, बोथट पात्याने कोमट पाणी सोडून जुना सरस मऊ करावा आणि तो कापडाने टिपून घ्यावा.
2. केस वाळवण्याच्या यंत्राने ती जागा दुरूनच किंचित कोमट करावी. हाताला सुखद वाटेल त्याहून जास्त ऊब दिली तर व्हार्निशला फोड येतात.
3. पातळ गरम सरस पात्याने फटीत सरकवावा आणि आतपर्यंत पोचण्यासाठी फट बोटाने एकदोनदा हलकेच दाबून सोडावी.
4. क्लॅम्प मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, हाताच्या बोटांनी आवळता येतील इतकेच आवळावेत.
5. बाहेर आलेला सरस गरम ओल्या कापडाने लगेच पुसावा आणि 24 तास क्लॅम्प काढू नयेत.

इशारा: फळी आकसल्यामुळे काही जुन्या वाद्यांत बाजूची पट्टी फळीच्या कडेबाहेर आलेली दिसते. ती ओढूनताणून आत बसवू नये. तसे केल्यास पट्टी तडकते किंवा दुसऱ्या बाजूचा सांधा सुटतो.

टप्पा 6: तडे

संयमाची सर्वांत मोठी परीक्षा या टप्प्यात असते. तडा नवा असेल तर त्यात काहीही न घालता, बोटही न फिरवता तो चिकटवावा. बोटांवरचा घाम आणि तेलकटपणाही आड येतो. जुन्या तड्यात धूळ आणि मळ साचलेला असतो. मऊ ब्रशने कोमट पाणी तड्यावरून फिरवावे, तडा खालून हलका दाबून किंचित उघडावा आणि वर आलेले काळे पाणी टिपून घ्यावे. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करत राहावे आणि मग तडा पूर्ण वाळू द्यावा. खरडून तडा साफ करू नये. खरडल्याने निघालेले तंतू परत येत नाहीत आणि जोड कायमचा रेघेसारखा दिसत राहतो.

चिकटवताना दाट गरम सरस तड्याच्या रेषेवर ब्रशने लावावा आणि तड्याच्या दोन्ही बाजू आळीपाळीने अगदी हलक्या दाबाव्यात. सरस आत खेचला जात असताना त्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले आणि फळीच्या आतल्या बाजूने, आरशात पाहिल्यावर, तड्याच्या संपूर्ण लांबीवर सरसाची बारीक ओळ उमटलेली दिसली, तरच सरस आरपार पोचला असे समजावे. ती ओळ मध्येच तुटलेली असेल तर तिथे पुन्हा सरस द्यावा. त्यानंतर दोन्ही बाजू एकाच पातळीत आणून दाब द्यावा. पातळी डोळ्यांपेक्षा नखाला चांगली कळते: नख तड्यावरून आडवे फिरवल्यावर ते कुठेही अडकता कामा नये.

लांब तड्याला आतून स्प्रूसच्या (वरच्या फळीच्याच मऊ लाकडाच्या) छोट्या आधारपट्ट्यांची गरज असते. त्यासाठी वरची फळी उघडावी लागते, आणि हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याने ते स्वस्त कारखानी वाद्यावरच करावे. फळी उघडताना साउंडपोस्ट काढून घ्यावा, सॅडल सोडवावे, आणि जिथे सांधा आधीच सुटलेला आहे तिथूनच पातळ बोथट पाते आत घालावे. पाते फळीला समांतर ठेवून सरस कडकड आवाज करत सुटेल इतकेच पुढे सरकवावे. आवाज बदलून लाकूड चिरल्यासारखा आला की पाते थांबवून विरुद्ध दिशेने यावे. वरच्या आणि खालच्या ठोकळ्यांपाशी फळीच्या रेषा तिरप्या गेलेल्या असू शकतात, आणि फळीची सर्वाधिक हानी याच दोन जागी होते.

आधारपट्ट्या साधारण सेंटीमीटरभर रुंद आणि जेमतेम 2 मिलिमीटर जाड पुरतात. त्यांच्या रेषा तड्याला आडव्या, किंचित तिरप्या असाव्यात आणि त्यांचा तळ फळीच्या आतल्या वळणाला तंतोतंत बसवलेला असावा. तळाला खडू लावून पट्टी जागेवर घासली की उंच भाग कळतात. तेवढेच पटाशीने कमी करत जावे. दोन पट्ट्यांमध्ये 3 ते 4 सेंटीमीटर अंतर ठेवावे आणि त्यांची टोके फळीच्या एकाच रेषेवर येऊ देऊ नयेत, नाही तर त्या रेषेवर नवा तडा तयार होतो. वाळल्यावर पट्ट्यांच्या कडा उतरत्या कराव्यात.

नेहमीची चूक: तड्यात आधी लाकडाचा भुसा किंवा मेण भरणे. भरलेला तडा मिटत नाही, आणि दमट दिवसांत फळी फुगली की भरलेला माल पाचरीसारखा काम करून तडा पुढे वाढवतो.

टप्पा 7: मान आणि फिंगरबोर्ड

अंगाचे काम पूर्ण वाळल्यावरच इकडे यावे. मानेचा सांधा हलत असेल तर तो कारागिराने उघडून नव्याने बसवायला हवा. फटीत सरस ओतून तो टिकत नाही.

सांधा घट्ट असेल तर दोन मापे घ्यावीत. नटच्या (फिंगरबोर्डच्या खुंट्यांकडच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) फिंगरबोर्डकडच्या कडेपासून वरच्या फळीच्या काठापर्यंत 130 मिलिमीटर आणि तिथून एफ-छिद्राच्या आतल्या खाचेपर्यंत 195 मिलिमीटर, असे 2:3 चे प्रमाण असावे. दुसरे माप फिंगरबोर्डच्या कोनाचे आहे. फिंगरबोर्डच्या मधोमध सरळ पट्टी ठेवून ती घोडीच्या जागेपर्यंत वाढवावी. तिथे फळीपासून तिची उंची 27 मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. ती बरीच कमी येत असेल तर मान खाली आलेली आहे किंवा फिंगरबोर्ड घासून फार पातळ झाला आहे. अशा वेळी बुटकी घोडी कापून वेळ मारून नेऊ नये.

फिंगरबोर्डवर तारांनी पडलेल्या खाचा पोलादी खरवडणीने काढाव्यात. पृष्ठभाग लांबीच्या दिशेने अगदी सपाट नसावा; मध्यभागी ई (सर्वांत बारीक) तारेखाली सुमारे 0.5 आणि जी (सर्वांत जाड) तारेखाली सुमारे 0.75 मिलिमीटर खोलगटपणा असावा, नाही तर तारा फडफडतात. काचपेपर नुसत्या बोटांनी फिरवू नये. तो वळणदार लाकडी ठोकळ्यावर लावूनच वापरावा.

टप्पा 8: खुंट्या, नट आणि सॅडल

खुंटी अडकत असेल किंवा घसरत असेल तर ती बाहेर काढून तिच्यावरचे चकाकणारे पट्टे पाहावेत. पेटीच्या दोन्ही भिंतींच्या जागी सारख्या रुंदीचे दोन पट्टे असतील तर बसवणूक ठीक आहे आणि खुंटीची पेस्ट लावली की काम भागते. पट्टा एकाच बाजूला असेल तर खुंटी किंवा भोक वेडेवाकडे झालेले आहे, आणि ते 1:30 उताराच्या रीमरने (भोक निमुळते कोरण्याच्या हत्याराने) हलक्या हाताने जुळवावे लागते. घसरणारी खुंटी जोराने आत दाबणे ही पेटीची भिंत तडकण्याची सर्वांत सामान्य पद्धत आहे.

नटवर ई आणि जी तारांमधले अंतर सुमारे 16.5 मिलिमीटर असावे आणि तारांखाली फिंगरबोर्डपर्यंत जाड कागदाएवढीच फट राहावी.

सॅडल हा छोटासा तुकडा दुर्लक्षित राहतो. तो कडक एबनीचा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना मऊ स्प्रूस असते, आणि कोरड्या हवेत स्प्रूस आकसून एबनीवर दाबले गेले की सॅडलच्या कोपऱ्यातून तडा निघतो. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना कागद सरकेल इतकी, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, फट मुद्दाम ठेवावी. ही फट नीट दिसत नाही म्हणून ती भरून टाकणारे अनेकजण आहेत. ती भरू नये.

व्हार्निशची डागडुजी करायची असेल तर ती याच वेळी करावी आणि ती फक्त जिथे लाकूड उघडे पडले आहे तेवढ्याच जागी, बारीक ब्रशने करावी. जुन्या व्हार्निशवरून नवा थर फिरवू नये.

टप्पा 9: साउंडपोस्ट

साउंडपोस्ट सुमारे 6 मिलिमीटर व्यासाच्या, सरळ रेषांच्या स्प्रूसचा असावा. तो ई तारेच्या बाजूला घोडीच्या पायामागे, टेलपीसच्या दिशेने 2 ते 3 मिलिमीटर अंतरावर उभा असतो. त्याच्या रेषा वरच्या फळीच्या रेषांना काटकोनात याव्यात, म्हणजे त्याचे टोक फळीत रुतत नाही. तो चिकटवायचा नसतो. तो केवळ अचूक बसवणुकीने उभा राहतो.

लांबी किंचित जास्त ठेवून सुरुवात करावी. दोन्ही टोके फळ्यांच्या आतल्या उताराप्रमाणे तिरपी कापावीत, पोस्ट इंग्रजी एस अक्षराच्या आकाराच्या हत्याराच्या टोकावर टोचून ई बाजूच्या एफ-छिद्रातून आत न्यावा, आधी खालचे टोक टेकवावे आणि मग वरचे टोक जागेवर ओढावे. तो तारांविना उभा राहिला पाहिजे, पण त्याला उभे करण्यासाठी फळी वर ढकलावी लागता कामा नये. घट्ट पोस्टने आवाज मोठा होतो असे समजून लांब पोस्ट ठोकून बसवल्यामुळे अनेक चांगल्या फळ्या तडकल्या आहेत.

तपासणी: टेलपीसचे बटण काढून त्या भोकातून आत पाहावे आणि एफ-छिद्रातून दिवा दाखवावा. पोस्टच्या टोकाशी कोणत्याही एका बाजूने प्रकाशाची बारीक फट दिसली तर ते टोक पुरते टेकलेले नाही. पोस्ट बाहेर काढून विरुद्ध बाजू एकेक पातळ ढलपी काढत उतरवावी. हे पुन्हा पुन्हा करावे लागते, आणि त्याला दुसरा मार्ग नाही. फटी पूर्ण गेल्याशिवाय घोडीला हात लावू नये.

टप्पा 10: घोडी

घोडी दोन्ही एफ-छिद्रांच्या आतल्या खाचांना जोडणाऱ्या रेषेवर मधोमध येते. तिचे पाय फळीवर पूर्ण टेकले पाहिजेत. फळीवर काचपेपर ठेवून त्यावर घोडी घासण्याची पद्धत सोपी वाटते, पण तिने पायांचा तळ गोलसर होतो आणि प्रत्यक्षात फक्त मधला भाग टेकतो. त्याऐवजी कार्बन पेपरने उंच भागांची खूण उठवून ते धारदार सुरीने काढावेत. हे करताना घोडीची टेलपीसकडची बाजू फळीशी काटकोनात राहील याकडे लक्ष ठेवावे.

पाय बसल्यावरच उंची ठरवावी. फिंगरबोर्डच्या टोकाशी ई तारेखाली 3 ते 3.5 आणि जी तारेखाली 5 ते 5.5 मिलिमीटर जागा राहील अशी वरची कमान कापावी. कमानीची त्रिज्या सुमारे 42 मिलिमीटर, ई ते जी अंतर 33 ते 34 मिलिमीटर, पायाशी जाडी सुमारे 4.5 आणि माथ्याशी 1.2 ते 1.4 मिलिमीटर असावी. तारांच्या खाचा तारेच्या जाडीच्या जास्तीत जास्त अर्ध्या खोलीच्या असाव्यात, आणि त्यांत शिसपेन्सिल फिरवावी. खोल खाच तार पकडून ठेवते आणि सूर लावताना घोडी पुढे ओढली जाते.

टप्पा 11: तारा चढवणे

टेलपीसची दोरी अशी बांधावी की घोडीपासून टेलपीसपर्यंत तारांची मोकळी लांबी 55 मिलिमीटरच्या आसपास राहील. घोडीखाली मऊ कापड पसरून चारही तारा आधी सैल चढवाव्यात, मग आळीपाळीने ताणाव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर घोडी बाजूने पाहावी. ती फिंगरबोर्डकडे झुकू लागली तर दोन्ही हातांच्या बोटांनी तिचा माथा सावकाश मागे आणावा. पहिला दिवस सुरापेक्षा बराच खाली ठेवून वाद्याला ताणाची सवय होऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण सुरात आणावे.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फळी थोडी बसते, तारांची उंची बदलते आणि साउंडपोस्टची पकडही बदलते. या काळात आवाज पसंत पडला नाही म्हणून पोस्ट हलवत राहू नये. रोज घोडीचा काटकोन तपासावा, आठवड्यातून एकदा कडेचे सांधे पुन्हा ठोकून ऐकावेत आणि चिकटवलेल्या तड्यांवरून नख फिरवून पाहावे. तड्याच्या जागी नख अडकू लागले, तर तारा त्याच दिवशी सैल करून टप्पा 6 वर परत यावे.